पोरांना 'माउली' हा शब्द कसा दाखवावा

माझी नात सहावीत असताना तिने विचारलं, "आजी, वारीतली म्हातारी माणसं पोरांच्या पाया का पडतात?" दरवर्षी मी आता बिल्डिंगमधल्या पोरांना घेऊन जाते. तुम्हीही न्या.

पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या समाधीशी, त्र्यंबकला, दिंड्या पोहोचतात. तिथल्या गर्दीत लहानांना काही दिसत नाही, म्हणून दोन दिवस आधी सकाळी आपल्या नाशिकच्या त्र्यंबक रस्त्यावर उभं राहा. वाटायला राजगिऱ्याचे लाडू घ्या. दिंडी थांबली की पोरांना वीणेकऱ्याच्या पाया पडायला सांगा. तोही वाकतो, ते बघू द्या. गेल्या वर्षी सत्तरीतल्या एका बाबांनी, गळ्यात टाळ तसेच लोंबत असताना, नातीच्या बुटांना हात लावला, तिच्या कपाळी बुक्का टेकवला आणि म्हणाले, "माउली, शाळेत जाता ना?" पोर गोंधळून मागे सरकली. सरकू द्या. तिथे काही समजावू नका.

रात्री जेवताना बोला. निवृत्तिनाथ हे ज्ञानेश्वरांचे थोरले भाऊ आणि गुरूही. सगळ्यांत एकच चैतन्य आहे, हे १२९० साली ज्ञानेश्वरीने मराठीत सांगितलं. ते बाबांच्या वाकण्यात उतरलंय. 'अद्वैत' हा शब्द सगळ्यात शेवटी काढा. आधी काढला की पोरं तो नुसता पाठ करतात.

इथेच थांबलात तर अर्धंच सांगितलंत. पुढच्या रविवारी पंचवटीत काळारामाच्या दाराशी न्या. २ मार्च १९३० ला बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली, अस्पृश्य म्हणून देवळाबाहेर ठेवलेली हजारो माणसं आत जाऊ द्या म्हणत इथे आली आणि दारं बंद झाली. दादासाहेब गायकवाडांनी सत्याग्रह पुढे वर्षानुवर्षं चालवला. मग १३ ऑक्टोबर १९३५ ला, आपल्याच जिल्ह्यात येवल्याला, बाबासाहेबांनी धर्म सोडण्याची घोषणा केली.

"तेव्हा माउली म्हणणारे कुठे होते?" असं पोरं विचारतातच. गुळमुळीत उत्तर देऊ नका. हेच मी माझ्या आईला विचारलं होतं. ती तांदूळ निवडत होती, निवडतच राहिली. पोरांना मी तेवढंच सांगते.

तिसऱ्या रविवारी पांडवलेणी. १९५६ साली बाबासाहेबांनी ज्या बुद्धाची वाट धरली, त्याच्या भिक्खूंची ही लेणी दोन हजार वर्षांपासून आपल्याच डोंगरात आहेत. चढ आहे, सकाळी लवकर निघा. पाणी सोबत घ्या.