लाँग्स पीक, कीहोल मार्ग: या चुका टाळा

कोलोरॅडोच्या रॉकी माउंटन नॅशनल पार्कातलं लाँग्स पीक हे शिखर 4,346 मीटर उंच आहे. साधारण जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत कीहोल मार्गाने, दोर न वापरता, एका दिवसात माथ्यावर जाऊन परत येता येतं. एकूण चाल सुमारे 24 किलोमीटर, चढ 1,500 मीटर, वेळ 10 ते 15 तास. ‘दोर लागत नाही’ एवढंच वाचून निघणारे पुष्कळ असतात, आणि दर मोसमात चुकाही त्याच त्याच होतात.

या वाटेचे दोन तुकडे आहेत. पहिले 10 किलोमीटर म्हणजे आधी जंगल, मग उघडा डोंगरउतार, मग मोठमोठ्या धोंड्यांचं बोल्डर फील्ड आणि शेवटी कड्याच्या धारेतलं भलंमोठं भगदाड, म्हणजे कीहोल. इथवर दम लागतो, पण कुठूनही सरळ मागे फिरता येतं. कीहोलच्या पलीकडे फक्त 2 किलोमीटर आणि जेमतेम 320 मीटर चढ उरतो. तो मात्र लेजेस (कड्याच्या अंगावरच्या पायऱ्यांसारख्या कडा), ट्रफ (उभी घळ), नॅरोज (अरुंद वाट) आणि होमस्ट्रेच (माथ्याआधीची उभी फरशी) अशा चार टप्प्यांत आहे. हातांनी खडक धरून चढायचं आणि बाजूला खोल दरी. लोक पहिल्या तुकड्याच्या वेगाने दुसऱ्याचा हिशोब मांडतात. बहुतेक चुकांचं मूळ तिथे आहे.

पहाटे पाचला निघणं

‘दुपारी विजांचं वादळ येतं, म्हणून बारापर्यंत माथा गाठा’ हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं, आणि तेच घात करतं. वीज चुकवायची तर बारा वाजता माथ्यावर असून उपयोग नाही. झाडीत परतलेलं असायला हवं, निदान झाडीच्या दिशेने बरंच खाली उतरलेलं तरी. माथ्यापासून झाडी सुमारे 8 किलोमीटर लांब आहे, आणि ती सगळी वाट उघडी.

बऱ्या दमाच्या माणसाचं गणित असं बसतं. रात्री दोनला निघालात तर पावणेचारच्या सुमारास झाडी संपते. साडेसहाला बोल्डर फील्ड, सातला कीहोल, सव्वानऊला माथा. पावणेदहाला उतरायला लागलात तर बाराला पुन्हा कीहोल आणि दोनच्या आसपास झाडीत. एवढं लवकर निघूनही दुपारचे दोन तास उघड्यावर जातात. आता निघायची वेळ पाच करून बघा. माथा सव्वाबाराला, कीहोलवर परत तीनला, झाडीत संध्याकाळी पाचला. वादळाची वेळ अख्खी उघड्या कड्यावर. चाल मंद असेल तर रात्री एकला निघा. ज्यांना एवढं लवकर उठायचं नाही त्यांनी कीहोलपर्यंत जाऊन परत यावं. तोही सुंदर दिवस असतो.

परत फिरायची वेळ घरीच ठरवा आणि कागदावर लिहा. माझी सवय अशी: आठपर्यंत कीहोल गाठलं नाही तर तिथूनच माघारी, आणि दहा वाजले की जिथे असू तिथून माघारी, मग माथा दिसत का असेना. वेळ ठरवलेली नसली की वर गेल्यावर प्रत्येक जण ‘अजून वीस मिनिटं’ म्हणतो. त्या उंचीवर दमलेलं डोकं घालत असलेल्या वादाला अर्थ नसतो.

कीहोलवर न थांबणं

इथलं हवामान बहुतेक वेळा पश्चिमेकडून येतं, आणि पायथ्यापासून कीहोलपर्यंत पश्चिम दिशा डोंगरानेच झाकलेली असते. वर निळं आकाश दिसतं, आणि पलीकडे ढग चढत असतात याचा पत्ता नसतो. कीहोलमधून डोकं बाहेर काढलं की पहिल्यांदा पश्चिम दिसते आणि वाराही पहिल्यांदा तोंडावर आदळतो. म्हणून तिथे दहा मिनिटं बसा, खा, जॅकेट चढवा आणि ढगांकडे नीट बघा. सकाळी आठ-नऊलाच ढग रुंदीपेक्षा उंचीने जास्त वाढत असतील तर पुढे जाऊ नका. वारा इतका असेल की उभं राहताना तोल सावरावा लागतो, तरीही नको. नॅरोजमध्ये तो तोल सावरायला जागा नाही.

कीहोलजवळच्या दगडी निवाऱ्यात वाऱ्यापासून आडोसा मिळतो, विजेपासून नाही. गडगडाट ऐकू आला म्हणजे तुम्ही विजेच्या टप्प्यात आलेलाच आहात. केस उभे राहिले किंवा धातूच्या वस्तूंमधून गुणगुण ऐकू आली तर क्षणही न दवडता धारेवरून खाली सरका, एकमेकांत अंतर ठेवा आणि भेगांत किंवा पुढे आलेल्या खडकाखाली लपू नका.

अंदाज बघताना पायथ्याच्या गावाचा बघू नका. नॅशनल वेदर सर्व्हिसच्या संकेतस्थळावर नकाशात शिखराची जागा निवडली की त्या उंचीचं तापमान आणि वारा मिळतो. शिवाय पार्कातर्फे या मार्गाच्या सद्यस्थितीची माहिती दिली जाते, तीही निघण्याच्या आदल्या दिवशी वाचा.

विमानातून उतरून थेट चढायला लागणं

माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे 60 टक्केच असतो. सखल भागातून आलेल्याने आधी निदान दोन रात्री एस्टेस पार्क या गावासारख्या 2,300 मीटरच्या आसपासच्या उंचीवर काढाव्यात. वाटेत डोकेदुखीबरोबर मळमळ सुरू झाली तर गोळी घेऊन पुढे जायचं नाही, खाली उतरायचं. बसल्या जागी धाप लागत असेल, किंवा टाचेला चवडा लावत सरळ रेषेत चालता येत नसेल, तर ती आणीबाणी आहे. त्या माणसाला एकट्याने उतरू देऊ नका.

छोट्या वाटणाऱ्या चुका

पाणी दीड लिटर आणणं: तीन ते चार लिटर लागतं. खालच्या ओढ्यांचं पाणी गाळून किंवा शुद्ध करूनच प्या. बोल्डर फील्डच्या पुढे पाण्याचा भरवसा धरू नका.

सुती कपडे: पहाटेच्या चढात घामाने भिजतात आणि कीहोलच्या वाऱ्यात अंगावर गार पडतात. हातमोजे ऑगस्टमध्येही लागतात, कारण पुढे हात सतत थंड खडकावर असतात.

कोरे बूट: नकोत. मऊ, पकड घेणाऱ्या तळव्याचे, आधी वापरून पायाला बसलेले हवेत.

हेडलॅम्पमध्ये जुन्या बॅटऱ्या: चार-पाच तास अंधारात चालायचं आहे. नव्या घाला आणि जादाचा संचही घ्या.

वॉकिंग पोल हातात धरून कीहोल ओलांडणं: पलीकडे दोन्ही हात मोकळे हवेत. पोल मिटवून सॅकच्या आत किंवा घट्ट बाजूला बांधा. टोकं बाहेर राहिली की नॅरोजमध्ये ती खडकाला अडकतात आणि माणूस दरीकडे ढकलला जातो. सामान कीहोलवर टाकून जाण्याचा मोह होतो, पण तिथली मार्मट, म्हणजे खारीच्या कुळातले मोठे प्राणी, घामाने खारट झालेल्या पोलच्या मुठी आणि सॅकचे पट्टे कुरतडतात.

कुत्रा बरोबर आणणं: पार्कातल्या पायवाटांवर परवानगी नाही.

ट्रफमध्ये एकाखाली एक चढणं

ट्रफ ही सुट्या दगडगोट्यांची उभी घळ आहे. दगड सुटतात ते बहुतेक वेळा वरच्या माणसाच्या पायाने. हेल्मेट घाला. शक्यतो घळीच्या कडेच्या पक्क्या खडकावरून चढा आणि वरचा गट थेट डोक्यावर असेल तर आडोशाला थांबून त्याला पुढे जाऊ द्या. दगड सुटला तर लगेच ‘रॉक!’ असं मोठ्याने ओरडा, खाली कोणी दिसत नसलं तरी. ट्रफच्या अगदी वर, वाट अडवणाऱ्या अडकलेल्या धोंड्यापाशी, बऱ्याच जणांना सगळ्यात अवघड पावलं टाकावी लागतात. तिथे घाई करून मागच्याने पुढच्याला टोकायचं नाही. तिथेच हातपाय थरथरत असतील तर परत फिरा, कारण तीच पावलं दमलेल्या पायांनी उतरायचीही आहेत.

बर्फ ‘थोडासाच’ आहे म्हणून पुढे जाणं

मोसमाच्या सुरुवातीला ट्रफमध्ये बर्फ टिकलेला असतो आणि सप्टेंबरमध्ये नवा पडतो. जुन्या घट्ट बर्फावर आइस ॲक्स (बर्फाची कुऱ्हाड) आणि क्रॅम्पॉन (बुटाखाली बांधायचे लांब दात) लागतात, आणि घसरल्यावर ॲक्सने स्वतःला थांबवण्याचा सरावही लागतो. खडकावर काचेसारखा पातळ थर जमतो तो याहून वाईट. मायक्रोस्पाइक्सचे, म्हणजे बुटावर चढवायच्या साखळीचे, छोटे दात त्यात नीट रुततही नाहीत आणि खालच्या ग्रॅनाइटवर घसरतात. ट्रफला पश्चिमेचं तोंड असल्यामुळे सकाळी तिथे ऊन पोचत नाही. खाली वितळलेलं असलं म्हणून वरही वितळलं असेल असं धरून चालू नका. होमस्ट्रेचची गुळगुळीत झालेली उभी फरशी नुसती ओली असली तरी माझ्या मते तिथून मागे फिरावं.

उतरताना निशाणं बघणं सोडून देणं

ही चूक मला सगळ्यात जास्त खटकते, कारण ती फक्त लक्ष न दिल्याने होते. कीहोलच्या पुढे खडकांवर लाल-पिवळी गोल निशाणं रंगवलेली आहेत. चढताना सगळे ती शोधत जातात. माथा झाला की वाट माहीत झाली असं वाटायला लागतं, नजर पायांकडे जाते आणि माणूस उताराच्या ओढीने सरळ खाली जातो. या मार्गावर सरळ खाली जाणं तीन ठिकाणी महागात पडतं.

पहिली जागा होमस्ट्रेचच्या तळाशी. तिथून वळून नॅरोजच्या अरुंद वाटेला लागायचं असतं. वळण चुकलं की केप्लिंगर्स कुल्वारमध्ये, म्हणजे डोंगराच्या दक्षिण अंगाच्या घळीत, उतरायला लागतो.

दुसरी जागा ट्रफ, आणि सर्वाधिक लोक इथेच फसतात. प्रसंग नेहमी एकाच क्रमाने घडतो. गट दुपारी एकच्या सुमारास ट्रफ उतरायला लागतो. ढग गडगडत असतात, प्रत्येकाचं लक्ष सुट्या दगडांवर. लेजेसकडे वळायचं निशाण कडेच्या खडकावर असतं, आणि घळ मात्र तशीच खाली चालू राहते, तिला काही शेवट दिसत नाही. दोनशे मीटर उतरल्यावर कोणीतरी विचारतं, ‘निशाणं शेवटची कधी दिसली?’ तोवर पायांत पुन्हा चढायचं त्राण नसतं, म्हणून ‘खाली वाट मिळेलच’ असं ठरतं. खाली मिळते ती ग्लेशियर गॉर्ज नावाची दरी. तिथून बाहेर पडलात तरी पोचता डोंगराच्या भलत्याच अंगाला, आणि गाडी उभी असते दुसऱ्या अंगाला. बहुतेक वेळा तोवर अंधार पडलेला असतो.

तिसरी जागा लेजेसवर. परतताना खऱ्या कीहोलच्या आधी धारेत एक फसवी खाच लागते, तिला फॉल्स कीहोल म्हणतात. दमलेला माणूस ‘आलं’ म्हणून तिच्याकडे चढायला लागतो. खरं कीहोल अजून पुढे असतं.

उपाय साधा आहे. चढताना प्रत्येक वळणाशी थांबून मागे वळून बघा आणि परतीची वाट जशी दिसेल तसा फोटो काढा. मी ट्रफमध्ये शिरलेल्या जागेचा फोटो हमखास काढतो आणि तिथली उंची वहीत लिहितो. उतरताना एक निशाण दिसल्याशिवाय मागचं सोडायचं नाही. पन्नास पावलांत निशाण नाही दिसलं तर सगळ्यांनी थांबायचं, एकाने मागे जाऊन शेवटचं निशाण गाठायचं. जीपीएसचा ट्रॅक सोबत असावा, पण उंच कड्यांजवळ त्याचा ठिपका सरकतो. त्यामुळे वळण निशाणावरूनच ठरवा. थंडीत फोनची बॅटरी झपाट्याने उतरते, फोन आतल्या खिशात ठेवा.

उत्तरेकडचा ‘शॉर्टकट’

नकाशात माथ्यावरून बोल्डर फील्ड थेट खाली दिसतं. जुन्या वर्णनांत तिथल्या केबल्सचा उल्लेखही सापडतो. त्या लोखंडी केबल्स 1925 मध्ये बसवल्या होत्या आणि 1973 मध्ये काढून टाकल्या. आता तिथून उतरायचं तर दोर, हार्नेस (कमरेला बांधायचा पट्टा) आणि रॅपल करण्याचं, म्हणजे दोरावरून उतरण्याचं, प्रशिक्षण लागतं. ज्यांना ते येतं त्यांना हा लेख वाचायची गरज नाही. बाकीच्यांनी चढलो त्याच वाटेने उतरावं.

उतरणीत किती बळ शिल्लक लागतं हे याच अंगावर दिसलं आहे. जानेवारी 1925 मध्ये ॲग्नेस वेल आणि वॉल्टर कीनर यांनी हिवाळ्यात पूर्वेचा कडा चढून माथा गाठला. दोघंही पूर्ण थकलेले. उत्तरेकडून उतरताना वेल घसरून खाली गेल्या. कीनर मदत आणायला गेले, पण मदत पोचेपर्यंत त्या थंडीने गेल्या होत्या. मदतीला निघालेले हर्बर्ट सॉर्टलँडही परतताना मरण पावले. कीहोलजवळचा दगडी निवारा 1927 मध्ये वेल यांच्याच स्मरणार्थ बांधला. वेल सराईत गिर्यारोहक होत्या. त्या चढताना नाही, उतरताना घसरल्या. माथ्यावर पोचताना अंगात निम्मंही बळ उरलेलं नसेल तर तुम्ही आधीच जास्त पुढे आला आहात.

कोणाला न सांगता निघणं

मोबाइलची रेंज या वाटेवर भरवशाची नाही, आणि कीहोलच्या पलीकडे जखमी माणसाला बाहेर काढायला बचाव पथकाला कित्येक तास लागतात. खाली थांबलेल्या एका माणसाकडे चार गोष्टी लिहून द्या: मार्गाचं नाव, निघायची वेळ, परत फिरायची ठरवलेली वेळ आणि गाडीचा नंबर. पाचवी ओळ म्हणजे ‘इतक्या वाजेपर्यंत फोन आला नाही तर पार्काला कळव.’ दोनला निघणाऱ्यांनी ती वेळ संध्याकाळी सातची ठेवावी, म्हणजे उजेड असतानाच शोध सुरू होऊ शकतो.