कुलपातल्या कपाटाची आगोट

मे अर्धा सरला की आमच्याकडे कोकणात घरोघरी आगोटीची, म्हणजे पावसाआधीच्या बेगमीची, घाई सुरू होते. सुके बोंबील डब्यात जातात, आमसुलं बरणीत, लाकडं पडवीत. हॉस्पिटलच्या फार्मसीचीही एक आगोट असते आणि तिची सुरुवात मी दरवर्षी एकाच कपाटापासून करते. दोन कुलपांचं लहानसं लोखंडी कपाट आहे ते. आत मॉर्फिन, फेंटानिल, पेथिडीन आणि केटामाइन: तीव्र वेदनांची आणि भुलेची औषधं, पण नशेसाठीही वापरली जाऊ शकणारी, म्हणून थेंबाथेंबाच्या हिशोबाची. सलाईन कमी पडलं तर बाजारपेठेतून उसनं आणता येतं. या कपाटातलं काही उसनं मिळत नाही, आणि मागायचंही नसतं. म्हणून पावसाआधी त्याची तयारी पूर्ण हवी. मृग ७ जूनच्या सुमारास लागतो, पण मी २५ मे हीच शेवटची तारीख धरते, कारण निसर्ग वादळ ३ जूनला आलं होतं, २०२० साली, आणि दापोली-मंडणगडकडे त्यानंतर कित्येक दिवस वीज नव्हती.

पहिलं काम मोजणीचं. मागणी त्यानंतर. मोजायला दोघं लागतात आणि वही मिटलेली लागते. वहीत तेवीस लिहिलंय हे माहीत असलं की हाताला तेवीसच लागतात, हा माझा स्वतःचा अनुभव. म्हणून एकाने मोजायचं, दुसऱ्याने कोऱ्या कागदावर आकडा टिपायचा आणि मगच वही उघडायची. खोका सीलबंद असला तरी बाहेरून टिचकी मारून पुढे जायचं नाही. ॲम्प्यूल, म्हणजे इंजेक्शनची काचेची बंद कुपी, उजेडात धरा, मानेला तडा आहे का, आतलं द्रव कमी झालंय का, लेबल दमटपणाने सुटलंय का बघा. नाव, ताकद, बॅच आणि मुदत मोठ्याने वाचा. आधी संपणारी मुदत पुढे, नंतरची मागे.

एका मे महिन्यात फेंटानिलचं एक ॲम्प्यूल कमी भरलं. संध्याकाळचे सात वाजले होते, कोणीही घरी गेलं नाही. आधी पुन्हा मोजलं, मग वहीतली बेरीज-वजाबाकी तपासली, मग कचऱ्याच्या पिशव्या. शेवटी ऑपरेशन थिएटरच्या भूलपत्रकात ते सापडलं. मध्यरात्रीच्या सिझेरियनला वापरलेलं, पेशंटचं नाव, वेळ, डोस सगळं व्यवस्थित. फक्त आमच्या वहीत नव्हतं, कारण "सकाळी लिहू" असं ठरलं होतं आणि सकाळी ड्यूटी बदलली. त्या रात्रीपासून वहीला पेन दोरीने बांधलेलं आहे. कपाट उघडं असेपर्यंतच नोंद व्हायची, कुलूप लावल्यावर नाही. मोजणी म्हणजे संशय, असं नव्या मुलांना वाटतं आणि ती दुखावतात. त्यांना मी सांगते, आकडा जुळलेला असला की बोट दाखवायला कोणाला जागाच उरत नाही, तुमच्याकडेही नाही आणि माझ्याकडेही नाही. आणि शोधूनही हिशोब लागला नाही, तर झाकायचं नाही. प्रमुख डॉक्टरांना त्याच रात्री लेखी द्यायचं आणि तिथून अन्न व औषध प्रशासन आणि पोलीस यांना कळवायचं.

वही पक्क्या बांधणीची, पानांवर छापील क्रमांक असलेली. प्रत्येक औषधाला, आणि औषधाच्या प्रत्येक ताकदीला, स्वतंत्र पान. आलेलं, दिलेलं, वाया गेलेलं, शिल्लक. चुकलं तर एक सरळ रेघ, वर बरोबर आकडा, शेजारी सही. व्हाइटनर फार्मसीतच ठेवू नका. पेन साधं बॉलपेन असू द्या. जेल पेनची शाई पावसाळ्यात पानापानांतून उतरते, ऑगस्टमधली शिल्लक सप्टेंबरमध्ये वाचता येत नाही. जुन्या वह्या नियमाने ठरलेल्या मुदतीपर्यंत सांभाळायच्या असतात, आणि कोकणात त्यांचा खरा वैरी चोर नसून वाळवी. भिंतीला टेकलेल्या लाकडी फळीवर ठेवलेली आमची एक जुनी वही वाळवीने मधूनच कोरून टाकली होती. आता वह्या पत्र्याच्या पेटीत, भिंतीपासून वीतभर लांब.

मग मागणी. गेल्या तीन वर्षांचा जून ते सप्टेंबरचा वापर काढा. उन्हाळ्यातल्या महिन्यांवरून अंदाज बांधू नका, पावसात रस्त्यावरचे अपघात आणि घसरून मोडलेले खुबे वाढतात, निदान आमच्याकडे तरी. घाटावरून येणारा माल आंबा किंवा कुंभार्ली घाटातून येतो. दरड पडली की चार दिवस, कधी आठ दिवस गाडी अडकते. तेवढा खड्डा भरेल इतका साठा हवा, पण वर्षाच्या सुरुवातीला कळवलेल्या अंदाजाच्या आत. जास्त मागवून ठेवणं ही सुरक्षितता नाही, मुदत संपलेलं मॉर्फिन ही वेगळीच डोकेदुखी आहे. मॉर्फिनच्या इंजेक्शनची शक्यतो एकच ताकद मागवा. १० मिलिग्रॅम आणि १५ मिलिग्रॅमची ॲम्प्यूलं शेजारी ठेवली तर रात्री तीन वाजता ती सारखीच दिसतात.

माल आला की खोका दोघांसमोर फोडायचा, सोबतच्या कागदावरचा बॅच क्रमांक आणि संख्या ॲम्प्यूलशी ताडून बघायची आणि त्याच वेळी वहीत चढवायचं. फुटलेलं ॲम्प्यूल निघालं तर ड्रायव्हरला थांबवून ठेवा, त्याची सही घ्या. "ताई, पाऊस आलाय, जाऊ द्या की," असं तो म्हणतोच. चहा द्या, पण सही घ्या.

कागदांबद्दल थोडंच सांगते. नार्कोटिक, म्हणजे गुंगी आणणाऱ्या, औषधांचा मूळ कायदा १९८५ चा. २०१४ मध्ये दुरुस्ती होऊन 'अत्यावश्यक नार्कोटिक औषधं' असा गट झाला आणि २०१५ मध्ये त्याचे नियम देशभर एकसारखे झाले. त्यात सहा नावं: मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन आणि हायड्रोकोडोन. मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला आता एका खेपेसाठी चार-पाच वेगळे परवाने गोळा करावे लागत नाहीत. पूर्वी एक परवाना हाती येईपर्यंत दुसऱ्याची मुदत संपायची. पण पेथिडीन या सहांत नाही, आणि केटामाइन तर सायकोट्रॉपिक (मनावर परिणाम करणारं) आणि शेड्यूल एक्स या कडक नियमांच्या यादीतलं. तेव्हा एकाच कपाटात असले तरी त्यांचे कागद एकाच फायलीत कोंबू नका. मान्यतेची मुदत पावसाळ्यात संपत असेल तर अर्ज आत्ताच. ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक २०१८ पासून सायकोट्रॉपिक यादीत आहे, तेही सैल सोडायचं नाही. आणि काउंटरवरची शेड्यूल एच-वनची, म्हणजे चिठ्ठीवरच द्यायच्या ठरावीक औषधांची, वही, १ मार्च २०१४ पासून लागू झालेली, वेगळीच: लिहून देणाऱ्या डॉक्टरांचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध, संख्या, आणि तीन वर्षं जपणूक.

कपाटाची जागा हा आमच्या किनाऱ्यावरचा खास प्रश्न. चिपळुणात २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, त्यानंतर आम्ही आमचं कपाट तळमजल्यावरून उचलून पहिल्या मजल्यावर नेलं. शहर वेगळं, नदी वेगळी, पण धडा घ्यायला आपल्याच घरात पाणी शिरायची वाट का बघायची? कपाट पश्चिमेच्या भिंतीवर नको, तिथे पावसाची झड आणि ओल दोन्ही. भिंतीत बोल्ट ठोकून पक्कं हवं. खाऱ्या वाऱ्याने कुलपं गंजतात, म्हणून पितळी घ्या आणि मे महिन्यात तेल घाला, बिजागऱ्यांनाही. जुलैत किल्ली आतच मोडली की सुताराला बोलवावं लागतं, आणि मग त्याच्यासमोर सगळं कपाट मोजत बसायचं. आत सिलिका जेलच्या पुड्या चालतात, डांबराच्या गोळ्या नकोत. मॉर्फिनची ॲम्प्यूलं साध्या खोलीच्या तापमानाला, उजेडापासून दूर, मूळ खोक्यातच. फ्रिजमध्ये ठेवण्याची गरज नाही. लोराझेपाम या गुंगीच्या औषधाचं इंजेक्शन मात्र २ ते ८ अंशांत लागतं आणि तेही हिशोबाचं औषध, म्हणून फ्रिजच्या आत छोटी कुलूपबंद पेटी. वीज जाईल हे गृहीत धरून आईसपॅक गोठवून ठेवा, पण पेटी आईसपॅकला चिकटवू नका, औषध गोठता कामा नये.

वॉर्डाकडची तयारी आमच्या हातात अर्धीच असते, तरी ती याच यादीत येते. मागणीच्या चिठ्ठीवर डोस आकड्यात आणि अक्षरात, दोन्ही. फेंटानिल मायक्रोग्रॅममध्ये मोजतात आणि मॉर्फिन मिलिग्रॅममध्ये. या दोन शब्दांची आखूड रूपं वापरू नका, अख्खा शब्द लिहा. दशांशाच्या आधी शून्य हवं, पूर्ण आकड्याच्या मागे नको, कारण बिंदू पुसला गेला की ५.० चे पन्नास होतात. मॉर्फिन पातळ करायचं तर १० मिलिग्रॅमच्या एक मिलिलिटर ॲम्प्यूलमध्ये ९ मिलिलिटर सलाईन, म्हणजे एका मिलिलिटरला एक मिलिग्रॅम. ॲम्प्यूल १५ चं असेल तर १४ मिलिलिटर. हा तक्ता प्लास्टिकमध्ये घालून प्रत्येक ट्रॉलीला लावा. हिशोब एकाने करायचा आणि दुसऱ्याने स्वतंत्र करायचा, पहिल्याच्या खांद्यावरून डोकावून मान हलवायची नाही. भरलेल्या सिरिंजवर लगेच लेबल: औषध, ताकद, पेशंट, वेळ, सही. बिनलेबलची सिरिंज कोणाचीही असली तरी टाकून द्यायची, आणि त्याचीही नोंद.

नव्या सिस्टरना मी वाया गेलेल्या औषधाबद्दल सगळ्यात जास्त वेळ बोलते. १५ मिलिग्रॅमचं ॲम्प्यूल फोडलं, पेशंटला ५ दिलं, उरलेलं १० कुठे गेलं? इथेच हिशोब गळतो, आणि माणसंही. उरलेलं औषध साक्षीदारासमोर निरुपयोगी करायचं, दोघांच्या सह्या त्याच मिनिटाला, "नंतर मारते सही" चालत नाही. साक्षीदाराने औषध टाकताना पाहिलेलं असलं पाहिजे, टाकल्याचं ऐकलेलं नाही. रिकामी ॲम्प्यूलं मोजून फार्मसीत परत आली की मगच नवीन मिळतात. सुरुवातीला यावर कुरकुर झाली. आता सिस्टर स्वतःच डबी घेऊन येतात. मुदत संपलेली ॲम्प्यूलं आपणच टाकून द्यायची नसतात. वेगळ्या पाकिटात, त्याच कुलपात, वहीत शिल्लक दाखवून ठेवा आणि अन्न व औषध प्रशासनाला कळवून त्यांच्या सांगण्याप्रमाणे निकाल लावा.

नॅलोक्सोन, म्हणजे मॉर्फिनवरचा उतारा, मात्र या कपाटात ठेवू नका. मॉर्फिन जास्त होऊन श्वास मंदावला तर ते सेकंदांत लागतं, तेव्हा दोन किल्ल्यांची माणसं शोधत फिरणं परवडणार नाही. ते इमर्जन्सी ट्रेमध्ये, उघड्यावर, पण मोजलेलं.

घरी मॉर्फिनच्या गोळ्या घेणारे कॅन्सरचे पेशंट ही पावसाळ्यातली आणखी एक काळजी. खाडीपलीकडच्या गावातला माणूस जुलैत येऊ शकेल का, हे डॉक्टरांना मे महिन्यातच विचारा आणि पुढच्या चिठ्ठ्यांचं नियोजन त्यांच्याकडून करून घ्या. गोळ्या देताना नातेवाइकांसमोर मोजा. मॉर्फिनबरोबर पोट साफ होण्याचं औषध लिहिलंय का तेही बघा, ते नसलं की बद्धकोष्ठाने हैराण झालेला माणूस गोळ्याच बंद करतो आणि दुखणं सोसत राहतो. घरात कुलपाचा डबा कुठला, लहान मुलं किती, विचारा. फेंटानिलचा पॅच (त्वचेवर चिकटवायची औषधाची पट्टी) असेल तर त्यावर गरम पिशवी किंवा शेगडीचा शेक नको, उष्णतेने औषध जास्त वेगाने आत जातं. वापरलेल्या पॅचमध्येही औषध उरतं, म्हणून चिकट बाजू आत घेऊन दुमडून परत आणायला सांगा. पेशंट गेल्यावर उरलेल्या गोळ्या परत येतात, कधी कधी दहाव्यानंतर, मुलगा गप्प उभा असतो आणि पिशवी पुढे करतो. घाई करू नका. त्याच्यासमोर मोजा, वेगळ्या पानावर लिहा, पावती द्या. त्या गोळ्या पुन्हा कोणाला द्यायच्या नाहीत.

शेवटी किल्ल्या. दोन कुलपं, दोन माणसं, आणि दर ड्यूटीला मोजून, सही करून हवाली. गणपतीच्या फोटोमागे किल्ली ठेवण्याची पद्धत मी तीन ठिकाणी पाहिली आहे, आणि तिन्ही ठिकाणी सफाईवाल्या मावशींना ती माहीत होती. जादा किल्ल्या लाखबंद पाकिटात, फ्लॅपवर सही करून प्रमुखांच्या तिजोरीत. आणि चतुर्थीची रजा आत्ताच ठरवून टाका. त्या आठवड्यात मुंबईचं कोकण गावात येतं आणि हॉस्पिटलचा स्टाफ आपापल्या घरी जातो. आमच्याकडे दुसरी किल्ली तेव्हा घाटावरून आलेल्या सहकाऱ्याकडे असते. तो दरवर्षी बदल्यात उकडीच्या मोदकांचा डबा मागतो, आणि तोही मोजून घेतो.