कोरीची पिल्लं जगवायची तर: नाशिककरांसाठी जुलै ते जानेवारीचा सल्ला

मृगाच्या सरी पडून गेल्या, उकाडा ओसरला आणि नळाचं पाणी हाताला गार लागायला लागलं, की नाशिकमधल्या माशांच्या बऱ्याच घरगुती टाक्यांत हालचाल सुरू होते. एरवी तळाशी गुमान चरणारे कोरीडोरस नावाचे छोटे कॅटफिश, म्हणजे आपले कोरी, काचेलगत एकमेकांच्या मागे पळू लागतात. दुसऱ्या दिवशी काचेवर, झाडांच्या पानांवर मोहरीएवढी चिकट अंडी दिसतात. हा मासा मूळचा दक्षिण अमेरिकेचा. तिथेही पावसाचं गार, मऊ पाणी नदीत उतरलं की त्याची वीण सुरू होते. त्यामुळे अंडी मिळवण्याचं निम्मं काम आपल्याकडे पाऊसच करतो.

अडतं ते पुढे. शंभर अंड्यांतून पाच-सात पिल्लं हाती लागली, अशी तक्रार सर्रास ऐकू येते आणि कारण विचारलं तर ‘खायला कमी पडलं असेल’ असं सांगतात. माझं मत उलट आहे. उपासमारीनं मरतात त्याहून कितीतरी जास्त पिल्लं उरलेल्या खाण्यानं नासलेल्या पाण्यात मरतात. त्याखालोखाल मरतात ती पाण्याच्या तापमानातल्या झटक्यानं. खालचा सगळा सल्ला या दोन गोष्टींभोवती आहे.

आधी मासा कोणता ते पक्कं करा. ‘बेबी कॅटफिश’ म्हणून दुकानात काहीही गळ्यात मारलं जातं. ‘शार्क’ म्हणून विकलं जाणारं चंदेरी पिल्लू बहुतेकदा पंगस असतं, आणि तो मासा मीटरभराहून मोठा होतो. काच साफ करायला म्हणून घेतलेला साधा सकर दीड फुटाचा होऊ शकतो. थाई मांगूरला तर हातही लावू नका; त्याच्या पालनावर केंद्र सरकारनं 2000 सालीच बंदी घातली आहे. यातला कुठलाही मासा टाकीत मावेनासा झाला म्हणून गोदावरीत, शेततळ्यात किंवा कालव्यात सोडू नये. नांदूर मध्यमेश्वर हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा ठरलं, आणि ते याच गोदावरीवर आहे. सकर एकदा नदीत रुजला की काढता येत नाही.

घरच्या टाकीसाठी ब्राँझ कोरी, त्याचाच पांढरा अल्बिनो प्रकार किंवा पेपर्ड कोरी घ्या. पाच ते सात सेंटिमीटरपलीकडे जात नाहीत. पेपर्ड गार पाणी चांगलं सोसतो, म्हणून आपल्या हिवाळ्याला तो बरा; मात्र एप्रिल-मेमध्ये त्याचे हाल होतात. किमान सहा मासे एकत्र हवेत. वरून पाहिलं की मादी रुंद, पोटाळलेली दिसते आणि नर सडपातळ. एका मादीमागे दोन नर असे ठेवा. जूनमध्ये पंधरा-वीस दिवस फ्रोझन ब्लडवर्म (गोठवलेल्या लाल अळ्या) आणि बुडणाऱ्या गोळ्या आलटून पालटून द्या. जिवंत टुबिफेक्स, म्हणजे गाळातले बारीक लाल किडे, मात्र टाळा. ते बहुतेकदा गटाराच्या पाण्यातून येतं आणि सोबत रोग आणतं. पाऊस लागून राहिला की संध्याकाळी टाकीतलं तिसरा हिस्सा ते निम्मं पाणी काढून तीन-चार अंशांनी गार पाणी भरा. दोन दिवस लागोपाठ असं केलं की बहुधा काम होतं.

नाशिकचं पाणी आणि पिल्लं

पावसाळ्यात धरणाचं पाणी गढूळ येतं आणि नळाला कधी कधी क्लोरीनचा वास जाणवतो. हे पाणी थेट टाकीत ओतू नये. बादलीत एअर स्टोन (पंपाच्या नळीच्या टोकाला लावायचा, बुडबुडे सोडणारा दगड) लावून 24 तास ठेवावं, किंवा दुकानात मिळणारं अँटिक्लोरीन बाटलीवर लिहिलेल्या मापानं टाकावं. मोठ्या माशांनी सोसलेलं क्लोरीन पिल्लं सोसत नाहीत.

निफाड, दिंडोरी, सिन्नरकडच्या विहिरी-बोअरचं पाणी बहुधा जड असतं आणि त्याचा पीएच साडेसातच्या वर असू शकतो. कोरी त्यात जगतात, पिल्लंही होतात. पण पीएच जितका जास्त तितका विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून होणारा अमोनिया जास्त जहरी. म्हणजे मऊ पाण्यात जेवढी घाण पिल्लांनी सोसली असती तेवढी इथे सोसत नाहीत. बोअरवाल्यांनी पावसाचं पाणी मिसळलं तर फायदा होतो, पण ते पहिल्या एक-दोन पावसांचं नको, छत धुऊन निघाल्यानंतरचं घ्या, आणि तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त मिसळू नका. निव्वळ पावसाच्या पाण्यात क्षारच नसतात, पीएच एकदम कोसळू शकतो. साठवलेल्या पिंपाला घट्ट झाकण हवंच. नाहीतर माशांआधी डास वाढतील.

एक ताकीद द्राक्षवाल्यांना. फवारणीचा ड्रम कितीही धुतला तरी माशांच्या पाण्यासाठी वापरू नका. बोर्डो मिश्रणातलं तांबं अत्यल्प प्रमाणातही माशांना मारतं. ऑक्टोबर छाटणीनंतर फवारण्या लागोपाठ चालतात, आणि नेमकी तेव्हाच जुलै-ऑगस्टची पिल्लं वाढत असतात. बागेतून आल्यावर हात साबणानं धुऊन, साबणाचा अंश राहणार नाही असे खळखळून घेऊनच टाकीत घाला. टाकीची खोली बागेच्या बाजूला असेल तर फवारणीच्या वेळी खिडकी बंद ठेवा.

घरातलं विष तर याहून जवळ असतं. डासांच्या लिक्विडमध्ये आणि कॉइलमध्ये पायरेथ्रॉइड गटाची औषधं असतात. माणसाला ती फारशी बाधत नाहीत, माशांना मात्र भयंकर बाधतात. एअर पंप खोलीतली हवा ओढून सरळ पाण्यात सोडतो, म्हणजे कॉइलचा धूरही तोच पाण्यात नेतो. टाकी असलेल्या खोलीत मच्छरदाणी वापरा. गल्लीत धूरफवारणी होणार असेल तर खिडक्या लावून टाकीवर ओलं फडकं टाका आणि पंप अर्धा-पाऊण तास बंद ठेवा. दसरा-दिवाळीच्या रंगकामाला ऑइल पेंट लावणार असाल तर पिल्लांचा टब आधीच दुसऱ्या खोलीत न्या.

अंडी

कोरी स्वतःचीच अंडी खातात, म्हणून दिसल्यावर लगेच काढा. बोटानं हलकेच लोळवलं तरी काचेवरून सुटतात. जुनं एटीएम कार्डही चालतं. त्याच टाकीतलं पाणी घेतलेल्या छोट्या टबात ठेवा आणि एअर स्टोन असा लावा की अंड्यांवरून पाणी फिरत राहील. बुरशी रोखायला मेथिलीन ब्लूचे थोडे थेंब टाका, पाणी फिकट निळं दिसेल इतकेच. हे औषध फिल्टरमधले उपयोगी जिवाणूही मारतं, म्हणून मुख्य टाकीत टाकू नका. देशी बदामाचं वाळलेलं पान धुऊन ठेवलं तरी बुरशीला थोडा आळा बसतो. दोन दिवसांत चांगली अंडी तपकिरी होतात. पांढरी, कापूस धरलेली ड्रॉपरनं रोज उचला, नाहीतर शेजारची नासतात. साधारण 25 अंशांना तिसऱ्या ते पाचव्या दिवशी पिल्लं बाहेर येतात.

पहिले दोन-तीन दिवस पोटाखालची पिवळी पिशवी हेच त्यांचं अन्न. इथे घाई होते आणि नुकसान होतं. पिशवी संपेपर्यंत काहीही घालू नका. निळं पाणी मात्र या दिवसांत थोडं थोडं बदलून साफ करून घ्या.

खाऊ घालणं आणि उपसणं

पिल्लांसाठी दहा-पंधरा लिटरची टाकी किंवा टब पुरतो. पाणी दहा ते पंधरा सेंटिमीटर उंच ठेवा. कोरी अधूनमधून वर येऊन हवेचा घोट घेतात, पिल्लांना तो प्रवास जवळचा हवा. तळ सुरुवातीला मोकळाच ठेवा, म्हणजे घाण दिसते. स्पंज फिल्टर लावा, पण नवाकोरा नको. नव्या स्पंजमध्ये अमोनिया पचवणारे जिवाणू नसतात आणि ते जमायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून मे महिन्यातच एक जादा स्पंज मोठ्यांच्या टाकीत चालू ठेवा. यंदा विसरला असाल तर त्या टाकीतला जुना स्पंज तिथल्याच पाण्यात पिळून पिल्लांकडे न्या आणि मोठ्यांना नवा द्या.

खायला सगळ्यात उत्तम म्हणजे आर्टेमियाची, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या बारीक जिवाची, ताजी पिल्लं. त्याची सुकी अंडी डबीत मिळतात, ती घरी उबवायची. लिटरभर पाण्यात 25 ते 30 ग्रॅम खडेमीठ, उलट्या टांगलेल्या शीतपेयाच्या बाटलीत, खालून जोरात हवा, वरून दिवा. पाणी 26 ते 28 अंश असेल तर साधारण 24 तासांत नारिंगी ठिपके पोहायला लागतात. हवा बंद केली की टरफलं वर येतात आणि जिवंत पिल्लं खाली जमतात. ती खालून काढून बारीक कापडावर गोड्या पाण्यानं धुवा, मगच टाका. खारट पाणी कोरीच्या टबात जाता कामा नये. आणि हे लक्षात असू द्या की आर्टेमिया गोड्या पाण्यात काही तासच जगतो. नंतर मरून तळाशी कुजतो.

आर्टेमियाची डबी महाग पडते. रोजच्यासाठी मायक्रोवर्म, म्हणजे अगदी बारीक पांढरे किडे, स्वस्त. एखाद्या छंदी माणसाकडून चमचाभर कल्चर (किड्यांचं विरजण) आणा, ओट्सच्या घट्ट शिजवलेल्या लापशीवर सोडा, चिमूटभर यीस्ट भुरभुरा, झाकणाला भोकं पाडा. काही दिवसांत किडे डब्याच्या भिंतीवर चढतात, बोटानं पुसून घ्यायचे. ते तळाशी बसतात आणि कोरीचं तोंड तळाशीच असतं, म्हणून हा खाऊ त्यांना नेमका जुळतो. उकडलेल्या अंड्याचा बलक देण्याचा सल्ला अजूनही दिला जातो. मी तो कुणाला देणार नाही. चिमूटभर बलकानं रात्रीत टब दुधाळ होतो.

दिवसातून तीन-चार वेळा, पण इतकंच की तासाभरात संपेल. मग उपसणं, जे लोक टाळतात. एअर पंपाची बारीक नळी घेऊन तळावरची घाण रोज ओढा, पाणी पांढऱ्या बादलीत पडू द्या. चुकून ओढलं गेलेलं पिल्लू पांढऱ्यावर लगेच दिसतं आणि ड्रॉपरनं परत सोडता येतं. जितकं काढलं, साधारण चौथा हिस्सा, तितकं भरा. पहिल्या आठवड्यात मोठ्यांच्या टाकीतलं पाणी भरलेलं सगळ्यात बरं, कारण पीएच आणि तापमान दोन्ही जुळलेलं असतं. तळावर हात फिरवून पाहा. बुळबुळीत लागला तर बाहेरून पाणी कितीही स्वच्छ दिसो, पिल्लं धोक्यात आहेत. मिशा झडलेल्या दिसल्या तर आधी तळ घासा, औषधाचं नंतर बघू.

तीन आठवड्यांनी पातळ थर वाळू घालता येते. बांधकामाची क्रश सँड मात्र नको, तिच्या धारदार कडांनी मिशा सोलतात. गुळगुळीत बारीक वाळू धुऊन घ्या, थोडी व्हिनेगरमध्ये टाकून पाहा. फेस आला तर तिच्यात चुनखडी आहे, ती पाणी आणखी जड करेल.

वीज गेली की स्पंज थांबतो. बॅटरीवर चालणारा छोटा पंप घरात असू द्या आणि वीज येईपर्यंत खाऊ पूर्ण बंद ठेवा.

नोव्हेंबरनंतर

ज्या गारव्यानं जुलैत अंडी मिळाली, तोच गारवा डिसेंबरात पिल्लांना मारतो. नाशिक शहरात पारा दहाच्या खाली जातो, निफाडला त्याहून खाली. उघड्या टबातलं दहा लिटर पाणी एका रात्रीत कितीतरी अंश उतरतं. लिटरमागे साधारण एक वॅट धरून हीटर घ्या, 24-25 अंशांवर ठेवा, टबाखाली आणि तीन बाजूंनी थर्माकोल लावा, वर काच झाका पण पाण्यापासून थोडी पोकळी ठेवा. काचेचा हीटर पाणी उपसण्याआधी बंद करून दहा मिनिटं थांबा, तापलेला उघडा पडला तर तडकतो. गच्चीवरच्या टाकीचं सकाळचं पाणी कधीच थेट भरू नका, कोमट पाणी मिसळून थर्मामीटरनं जुळवा. ज्यांच्याकडे हीटरची सोय नाही त्यांनी सप्टेंबरनंतरची अंडी ठेवूच नयेत.

ब्रिसलनोज हा छोटा सकर पाळणाऱ्यांना यातलं बरंच लागू आहे, फक्त अंडी काढायची गरज नाही. नर मडक्यात किंवा पाइपच्या तुकड्यात बसून स्वतः राखण करतो. पिल्लं बाहेर पडली की उकडलेली काकडी, पालक आणि चघळायला लाकडाचा ओंडका द्या. भाजीचा तुकडा संध्याकाळी टाकला तर सकाळी काढायचाच.

दोन-अडीच महिन्यांत कोरी दोन सेंटिमीटरच्या आसपास होतात आणि दुकानदार घ्यायला तयार होतात. हाच जोडधंदा करायचा विचार असेल तर प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत परसातल्या शोभिवंत मत्स्यपालनाचाही समावेश आहे. तिच्यात सर्वसाधारण गटाला 40 टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमातींना 60 टक्के अनुदान ठेवलेलं आहे. जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात चौकशी करा. पण दोन हंगाम घरच्या टबात पिल्लं टिकवून दाखवल्याशिवाय शेड आणि टाक्यांवर पैसा घालू नका.

विकायला नेण्याआधी एक दिवस उपाशी ठेवा. जाळीत त्यांचे काटे अडकतात आणि मोडतात, म्हणून वाटीनं उचला. घाबरलेला कोरी कल्ल्यांमागच्या पंखांच्या बुडाशी असलेल्या ग्रंथीतून विषारी स्राव सोडतो आणि त्यात तो स्वतः आणि सोबतचेही मरू शकतात. एका पिशवीत थोडेच भरा. आधी बादलीत पंधरा-वीस मिनिटं शांत होऊ द्या, मग ताज्या पाण्यात बांधा. वाटेत पिशवीतलं पाणी फेसाळलेलं दिसलं तर तिथेच थांबून बदला. त्यासाठी त्याच टाकीच्या पाण्याची एक बाटली सोबत ठेवा.