कार्ल पॅन्झ्रमवर व्हिडिओ करताय? मग आधी हे करा

पॅन्झ्रम म्हणजे शंभर वर्षांपूर्वीचा अमेरिकन सीरियल किलर. त्याच्यावरचा कुठलाही व्हिडिओ लावा, पहिलंच वाक्य "२१ खून करणारा राक्षस". तुम्ही प्लीज तसं करू नका, कारण २१ हा आकडा त्याने स्वतःच लिहून दिलाय, कोर्टात तेवढे खून कधी सिद्ध झालेच नाहीत.

सुरुवात करायची तर शेवटाकडून करा. २० जून १९२९, अमेरिकेतलं लेव्हनवर्थ जेल. तिथल्या लाँड्रीचा फोरमन रॉबर्ट वॉर्नकी, त्याला पॅन्झ्रमने लोखंडी दांड्याने मारलं, खटला चालला आणि ५ सप्टेंबर १९३०ला फाशी झाली. हे पक्कं, आता इथून मागे जायचं.

एक कागद घ्या, दोन रकाने पाडा, एकात "नोंद आहे", दुसऱ्यात "तो म्हणतो". १८९१चा मिनेसोटातला जन्म, पोरवयात रेड विंगचं सुधारगृह, मग आर्मीत चोरी आणि कोर्ट मार्शल, पुढे नावं बदलून घरफोड्या, जेलमधून पळणं, हे सगळं पहिल्यात. आर्मीतल्या त्या शिक्षेवर सही विल्यम टाफ्टची, तेव्हाचा युद्धमंत्री, नंतर राष्ट्राध्यक्ष झाला तोच, आणि १९२०ला पॅन्झ्रमने न्यू हेवनमध्ये त्याच टाफ्टचं घर फोडलं (पिक्चरवाल्यांनाही सुचणार नाही असलं). त्या पैशातून बोट घेतली इथपर्यंत ठीक, पण बोटीवर खलाशी कामाला ठेवून एकेकाला मारलं हे तो म्हणतो, म्हणजे दुसऱ्या रकान्यात.

आणि हेन्री लेसरला गाळू नका यार, सगळे गाळतात! १९२८ला वॉशिंग्टनच्या जेलमधला हा तरुण गार्ड, पॅन्झ्रमला तिथे बेदम मारलं होतं तेव्हा याने त्याला एक डॉलर पाठवला, त्याला आधी वाटलं चेष्टा चाललीय, नंतर खरं कळलं तेव्हा तो लिहायला तयार झाला, मग कागद-पेन्सिलही लेसरनेच चोरून पुरवली. २१चा आकडा त्याच कागदांतून आलाय. ते कागद लेसरने जपले, आता सॅन डिएगो स्टेट युनिव्हर्सिटीत आहेत. वाचताना एक लक्षात ठेवा, गडी मुद्दाम धक्का द्यायला लिहितो, त्यामुळे कबुली कुठे आणि फुशारकी कुठे हे वाक्यावाक्याला बघावं लागतं.

फाशी टळावी म्हणून धडपडणाऱ्यांनाच त्याने शिव्या घातल्या, हा भाग शेवटी ठेवा, आणि त्याच्यावर ते ढॅणढॅण म्युझिक लावू नका.