चॅसिस स्टिफ करायची असेल तर आधी कॉकपिट बघा

फॉर्म्युला स्टुडंट म्हणजे विद्यार्थ्यांनी रेसकार बनवायची स्पर्धा. तिच्या नव्या टीममध्ये कुणीतरी म्हणतंच, "४१३० क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनमचं पोलाद) घेऊ, चॅसिस स्टिफ होईल." स्टिफ म्हणजे गाडीचा सांगाडा पिळायला कठीण. होत नाही! क्रोमोली काय, माइल्ड स्टील काय, यंग्ज मॉड्युलस (मटेरियलच्या ताठपणाचं माप) साधारण २०५ गिगापास्कलच. क्रोमोलीची स्ट्रेंथ जास्त, स्टिफनेस तोच. सीनियर म्हणाले म्हणून मान डोलावू नका, कॉम्प्युटर मॉडेलमध्ये मटेरियल बदलून बघा.

खरा फरक त्रिकोणांनी पडतो. चौकोनात डायगोनल टाकला की ट्यूब वाकायची थांबते, नुसता ताण-दाब घेते. पण कॉकपिटच्या तोंडावर डायगोनल टाकला तर ड्रायव्हर बसणार कुठे? तिथे ट्यूब वाकणारच, म्हणून तिथे व्यास वाढवा. २५ मिमी व्यास, २.५ मिमी जाडी आणि ३० मिमी व्यास, २ मिमी जाडी: वजन जवळपास सारखं, पण दुसरी वाकायला दीडपट कठीण. नियमातली किमान जाडी मात्र आधी तपासा. उघड्या कॉकपिटचं उदाहरण: १९९६च्या लोटस एलिस स्पोर्ट्स कारची चिकटवलेली अॅल्युमिनियम चॅसिस ६८ किलोची. वरून उघडी, म्हणून बाजूच्या सिल (दाराखालच्या तुळया) खोल. आत शिरताना पाय उंच उचलावा लागतो तो त्यामुळेच.

फ्लोअरचा पत्रा चिकटवून रिव्हेट केला तर शिअर (चौकोन तिरका करू पाहणारं बल) घेतो. चार बोल्टांवर टांगलेला पत्रा म्हणजे नुसतं वजन.

आता आम्हाला सगळ्यात जास्त छळलेला सापळा. कॉम्प्युटरवरच्या अॅनालिसिसमध्ये मागच्या बल्कहेडचे (टोकाच्या आडव्या चौकटीचे) सगळे नोड, म्हणजे ट्यूब जुळतात ते बिंदू, सगळ्या दिशांनी फिक्स केले, की मागचा भाग फुकटात ताठ होतो. स्टिफनेसचा आकडा फुगतो हा अर्धाच तोटा. मागे कुठलीही ट्यूब टाका, उपयोग शून्य दिसतो, कारण तो भाग आधीच जखडलेला! मग चांगला पर्याय तुम्ही स्वतःच्या हाताने रद्द करता. लोड आणि आधार, दोन्ही सस्पेन्शनच्या पिकअप पॉइंटमधूनच (सस्पेन्शन चॅसिसला जोडतं त्या जागांमधूनच) द्या. पिकअप पॉइंट ट्यूबच्या मधोमध असेल तर तो नोडवर सरकवा. बाकी सगळं नंतर.

पहिला आकडा कमी आला तर घाबरू नका, बहुतेकांचा येतो. खरी चॅसिस मागे क्लँप करून पुढून पिळायच्या टेस्टला स्प्रिंगच्या जागी रिजिड लिंक (न दबणारा दांडा) लावा आणि डायल गेज (बारीक हालचाल मोजायचं घड्याळ) फक्त पुढे नको, लांबीभर चार-पाच ठिकाणी जोड्यांनी लावा, मागच्या क्लँपजवळही. १००० मिमी अंतरावरच्या जोडीत एक गेज २ मिमी वर, दुसरं २ मिमी खाली गेलं तर पीळ ०.२३ अंश. प्रत्येक ठिकाणचा पीळ लांबीवर मांडा. जिथे रेघ एकदम चढते, पुढची ट्यूब तिथे.