जुन्या गाडीचा एसी कंप्रेसर बदलताय? या चुका टाळा

नवतपा लागला की आमच्या यवतमाळकडे दुपारी स्टेअरिंगला हात लावला तरी चटका बसतो. त्यात एसीतून गरम वारा यायला लागला की गॅरेजमध्ये उत्तर तयारच असतं, "दादा, कंप्रेसर गेला. दुसरा टाका लागते." लगेच हो म्हणू नका.

कंप्रेसर, म्हणजे गॅस दाबून फिरवणारा पंप, खरंच गेलाय का, हे न पाहणं ही सगळ्यात महागाची चूक. एसीचं बटण दाबल्यावर कंप्रेसरच्या पुलीपाशी 'टक्' असा आवाज होऊन क्लच, म्हणजे पुलीला कंप्रेसर जोडणारी चकती, चिकटतो. तो चिकटत नसेल तर आधी फ्यूज आणि रिले पाहा. गॅस कमी झाला असेल तर प्रेशर स्विच क्लचपर्यंत करंट जाऊच देत नाही. इंजिन बंद ठेवून क्लचच्या वायरला बॅटरीतून क्षणभर थेट 12 व्होल्ट द्या. चिकटला तर त्याला ओढणारी चुंबकी कॉइल चांगली आहे, दोष दुसरीकडे शोधा. पण असं थेट जोडून गाडी चालवू नका. ऑइल गॅससोबत फिरतं, त्यामुळे रिकाम्या सिस्टीममध्ये चांगला कंप्रेसरही जाम होतो. क्लच चिकटून इंजिन चालू असतानाही गॅसचा दाब दाखवणाऱ्या गेजचे दोन्ही काटे जवळपास एकाच दाबावर थांबत असतील, तर मात्र कंप्रेसर गेला समजा. गॅस थंड करणारी समोरची जाळी, म्हणजे कंडेन्सरही एकदा धुऊन घ्या. कापसाच्या हंगामात आमच्याकडे त्याच्या जाळीत धूळ आणि कापसाची रुई अक्षरशः थापली जाते.

दुसरी चूक मी स्वतः केली. गाडी 2003 ची. दुकानदाराला फोनवर फक्त मॉडेल आणि साल सांगितलं, कंप्रेसर एसटीच्या पार्सलनं आला. चारही बोल्ट बसले, म्हणून आम्ही खूश. दोन दिवसांत बेल्टच्या कडेनं काळा भुगा पडायला लागला. क्रँकच्या पुलीवर स्टीलची पट्टी टेकवून पाहिली, तर नवी पुली चार मिलिमीटर पुढे होती.

एकाच मॉडेलला वेगवेगळ्या वर्षी वेगळे कंप्रेसर लागलेले असतात. आणि एकच कंप्रेसर वेगवेगळ्या पुलीत, वेगवेगळ्या हेडमध्ये, म्हणजे पाइप जोडायच्या झाकणात, मिळतो. जुन्या मेकॅनिकांच्या तोंडी असलेला सॅन्डेन 508 हा 138 सीसीचा कंप्रेसर घ्या. त्याचं शरीर तेच, पण पाइपची तोंडं कुठे मागे तर कुठे वर, बेल्ट कुठे व्ही आकाराचा तर कुठे खाचांचा. म्हणून गाडीचं नाव सांगून भागत नाही. जुन्या कंप्रेसरवरची पट्टी रॉकेलच्या फडक्यानं पुसा आणि नंबरचा फोटो काढा. बोल्टच्या कानांमधलं अंतर, पुलीचा व्यास, खाचा, पाइप चुडीचा आहे की प्लेटचा, हे सगळं मोजा. कॉइल 12 व्होल्टची आहे ना तेही पाहा, ट्रकची 24 ची असते. सगळ्यात उत्तम म्हणजे जुना कंप्रेसर पोत्यात बांधून दुकानात न्या आणि काउंटरवर दोन्ही शेजारी ठेवा. भंगारातला घेत असाल तर हब, म्हणजे पुलीसमोरचा क्लचचा मधला भाग, हातानं फिरवून पाहा. खरखर लागली किंवा पाइपची तोंडं उघडीच असली तर घेऊ नका.

ऑइलकडे बहुतेकांचं लक्षच नसतं. 1990 च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या गाड्यांत आर-12 गॅस आणि मिनरल ऑइल असायचं, पुढे आर-134ए गॅस आणि पॅग हे सिंथेटिक ऑइल आलं. पॅग 46 घालायचं की पॅग 100, हे कंप्रेसर बनवणारी कंपनी ठरवते, दुकानात शिल्लक असलेला डबा नव्हे. पॅग हवेतली ओल ओढून घेतं, म्हणून महिनाभर उघडा पडलेला डबा वापरू नका. आणि गॅस महाग पडतो म्हणून कोणी स्वयंपाकाचा गॅस भरून देतो म्हणाला, तर ठाम नकार द्या. गळती झाली तर तो गॅस थेट तुमच्या लेकरांच्या पायाशी येतो.

जुना कंप्रेसर आतून तुटला असेल, ऑइल काळं आणि चकचकीत कणांचं निघालं असेल, तर पाइप फ्लश केल्याशिवाय, म्हणजे आतून धुतल्याशिवाय, नवा बसवू नका. ओल शोषणारी ड्रायरची बाटली दर वेळी नवी हवी. कंडेन्सर बारीक नळ्यांचा असेल तर तोही बदला, त्यातला कचरा धुऊन निघत नाही.

बसवल्यावर इंजिन चालू करण्याआधी क्लचचा हब हातानं दहा वेळा फिरवा, म्हणजे सिलिंडरमध्ये साचलेलं ऑइल बाहेर पडतं. मग निदान अर्धा तास व्हॅक्यूम, म्हणजे पंपानं आतली हवा ओढून काढायची. पंप बंद केल्यावर गेजचा काटा वर सरकला तर गळती आहे, गॅस भरू देऊ नका. जागेवर राहिला तर बॉनेटखालच्या स्टिकरवर जितके ग्रॅम लिहिलेत तितकाच गॅस, वजनकाट्यावर मोजून.