लेफ्ट पेंडिंग: टेक्सासच्या विधिमंडळातले माझे पाच महिने

दर रविवारी आबांचा फोन यायचा. जेवण, थंडी, पैसे वगैरे विचारून झालं की ठरलेला प्रश्न: "झालं का रे तुमचं बिल पास?"

"समितीकडे आहे, आबा."

त्यावर ते हसायचे. जिल्हा परिषदेच्या शाळेत सगळी हयात गेलेल्या माणसाला समिती म्हणजे काय ते मी सांगायला नको होतं. "समितीकडे गेलं म्हणजे बासनात गेलं," एवढं म्हणून फोन आईकडे द्यायचे.

ऑस्टिनला पब्लिक पॉलिसीत मास्टर्स करताना २०२५च्या अधिवेशनात मी टेक्सासच्या एका आमदारबाईंच्या ऑफिसात इंटर्न होतो. शिक्षणाची बिलं माझ्याकडे होती. हाच विषय शिकायला येणारी मराठी मुलं हल्ली अधूनमधून मेसेज करतात, की तिथे नेमकं काम काय असतं, काय वाचून यावं? प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो.

आधी आपल्या डोक्यातलं चित्र पुसावं लागतं. आपल्याकडे विधेयक समितीकडे जाणं हा अपवाद. शाळांमध्ये मराठी सक्तीची करणारं विधेयक फेब्रुवारी २०२०मध्ये दोन्ही सभागृहांत एकमताने मंजूर झालं, मध्ये कुठली समिती नव्हती. सार्वजनिक विद्यापीठांचा २०१६चा कायदा संयुक्त समितीतून गेला, पण असे किती? टेक्सासमध्ये मात्र प्रत्येक बिलाला समितीच्या दारातून जावंच लागतं. सभागृहात जे दिसतं तो बहुतेक वेळा शेवटचा अंक असतो. शाळांच्या बिलांसाठी हाउसमध्ये, म्हणजे कनिष्ठ सभागृहात, पब्लिक एज्युकेशन कमिटी आहे. २०२५मध्ये तिच्यावर १५ सदस्य होते आणि अध्यक्ष होते ब्रॅड बकली, पेशाने जनावरांचे डॉक्टर.

दुसरी गोष्ट वेळेची. टेक्सासचं नियमित अधिवेशन दोन वर्षांतून एकदा, विषम सालात भरतं आणि जास्तीत जास्त १४० दिवस चालतं. आमचं १४ जानेवारीला सुरू झालं आणि २ जूनला संपलं. बिल दाखल करायची साधारण मुदत साठाव्या दिवशी, म्हणजे १४ मार्चला संपली. हाउसच्या समित्यांनी हाउसची बिलं बाहेर काढायची शेवटची तारीख १२ मे. या दोन तारखांच्या मधले दोन महिने म्हणजे तुमची सगळी नोकरी. ८,०००हून जास्त बिलं दाखल झाली, त्यातली १,२००च्या आसपास मंजूर झाली. बाकीच्यांतल्या बहुतेकांना कुणी पाडलं नाही. त्यांच्यावर अंतिम मतदान झालंच नाही.

हे मला कळायला मार्च उजाडला. बिल दाखल झालं की स्पीकर ते समितीकडे पाठवतात. त्यापुढे ते सुनावणीला घ्यायचं की नाही हे समितीचे अध्यक्ष ठरवतात. नाही घेतलं तर कारण द्यावं लागत नाही, की नकार कळवावा लागत नाही. म्हणून आमच्या ऑफिसातून सगळ्यात जास्त फोन जायचे ते समितीच्या क्लार्कला. क्लार्क म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर कारकून येतो, तसं समजू नका. कुठलं बिल कोणत्या मंगळवारी लागण्याची शक्यता आहे, हे अध्यक्षांच्या खालोखाल ज्यांना ठाऊक असतं ते हे लोक. त्यांच्याशी नीट वागा, आणि एकच प्रश्न दिवसातून दोनदा विचारू नका. मी विचारला होता.

आमचं बिल छोटं होतं, दीड पानाचं, शाळेच्या बसचालकांच्या प्रशिक्षणाबद्दल. वाद होण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. सुनावणीची तारीख मिळाली तेव्हा मी ऑफिसात पेढे वाटले, म्हणजे कॉस्कोतून आणलेली काजू कतली वाटली. नंतर लाज वाटली, पण तेव्हा वाटली.

सुनावणीसाठी एक फोल्डर करायचा असतो. त्यात बिल, बोलायचे मुद्दे, फिस्कल नोट आणि येणाऱ्या साक्षीदारांची नावं. फिस्कल नोट म्हणजे या बिलाने सरकारी तिजोरीवर किती भार पडेल याचा लेजिस्लेटिव्ह बजेट बोर्डाने काढलेला हिशेब. नव्या माणसाने बिलाआधी ही नोट वाचावी असं माझं मत आहे, कारण कित्येक चांगल्या बिलांचा जीव तिथेच जातो. आमच्या तिसऱ्या कलमात राज्याने प्रशिक्षणाची फी भरायची होती. त्यामुळे नोटेवर आकडा आला. आकडा आला की लोक सावध होतात. मग आमच्या बाईंनी आदल्या संध्याकाळी ते कलम काढून सुधारित मसुदा करून घेतला. त्याला इथे कमिटी सबस्टिट्यूट म्हणतात, आणि मूळ बिलाच्या जागी चर्चा त्याच्यावर होते.

मी सकाळी फोल्डर भरला तो माझ्या लॅपटॉपवरच्या जुन्या फाइलमधून.

बाई टेबलापाशी बसल्या, अध्यक्षांनी सबस्टिट्यूट मांडला, आणि बाईंनी शांतपणे तिसऱ्या कलमाबद्दल बोलायला सुरुवात केली. समितीतले एक सदस्य आपली प्रत उलटीसुलटी करून पाहत होते. त्यांनी फार अदबीने विचारलं, की माझ्या प्रतीत दोनच कलमं आहेत, माझं पान हरवलंय का? मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. बाईंनी सेकंदभर कागदाकडे पाहिलं, फोल्डर मिटला आणि उरलेलं सगळं तोंडपाठ बोलल्या. मला मात्र कुठल्या फरशीखाली जागा मिळते का असं झालं होतं.

लिफ्टमध्ये त्या एवढंच म्हणाल्या: "यापुढे प्रत्येक मसुद्यावर वेळ लिहायची. तारीख नाही, वेळ." त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक प्रिंटवर उजव्या कोपऱ्यात पेनाने वेळ असते. घरच्या किराणा यादीवरही कधी कधी लिहिली जाते.

त्या सुनावणीच्या शेवटी अध्यक्ष म्हणाले, बिल 'लेफ्ट पेंडिंग', म्हणजे निर्णय न घेता तसंच ठेवलेलं. मी हादरलो. सिनियर स्टाफने समजावलं की घाबरू नकोस, पहिल्या सुनावणीनंतर बहुतेक बिलं अशीच ठेवतात, मतदान पुढच्या बैठकीत होतं. म्हणजे हा शब्द वाईट नाही. फक्त तो किती दिवस तसाच राहतो ते बघायचं. दोन आठवडे ठीक. पाच आठवडे झाले की समजायचं. सुनावणीची सूचना हाउसमध्ये पाच दिवस आधी लागते, पण मतदानाची बैठक दोन तासांच्या सूचनेवरही लागू शकते. म्हणून एप्रिलमध्ये मी फोन उशाशी घेऊन झोपायचो.

आता त्या मोठ्या रात्रीबद्दल, कारण सगळे तेच विचारतात. ११ मार्च, मंगळवार. हाउस बिल ३, म्हणजे खासगी शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी सरकारी पैशाचं खातं. इथे त्याला एज्युकेशन सेव्हिंग्ज अकाउंट म्हणतात आणि विरोधक सरसकट व्हाउचर म्हणतात. आबांना समजावताना मी आरटीईच्या २५ टक्के जागांचं उदाहरण दिलं होतं, पण ते पुरतं बसत नाही. आरटीईत दुर्बल आणि वंचित घरांतल्या मुलांसाठी जागा राखून सरकार शाळेला पैसे देतं. इथे पैसे मुलाच्या खात्यात, आणि गरीब व दिव्यांग मुलांना प्राधान्य असलं तरी अर्ज इतरांनाही करता येतो. या एका कल्पनेवरून टेक्सासमध्ये वर्षानुवर्षं भांडण चालू होतं. नोव्हेंबर २०२३मध्ये हाउसने ८४ विरुद्ध ६३ मतांनी ती बिलातून काढून टाकली होती. त्यामुळे या वेळी दोन्हीकडचे लोक कंबर कसून आले होते.

कॅपिटलची, म्हणजे विधिमंडळाची, मुख्य इमारत १८८८ची, लाल ग्रॅनाइटची, घुमटाची. बहुतेक सुनावण्या मात्र तिच्या मागे जमिनीखाली बांधलेल्या एक्स्टेंशनमध्ये होतात. वर रात्र झाली की दिवस, खाली काही कळत नाही. साक्ष द्यायची असेल तर तिथल्या कियॉस्कवर किंवा आवारातल्या वायफायवरून नाव नोंदवायचं आणि तीनपैकी एक निवडायचं: बाजूने, विरोधात, किंवा 'ऑन'. 'ऑन' म्हणजे मला मत द्यायचं नाही, माहिती द्यायची आहे. शिक्षण खात्याचे अधिकारी येतात ते 'ऑन' म्हणून. नुसतं मत नोंदवून घरी गेलात तरी चालतं, तेही रेकॉर्डवर येतं. पालक म्हणून कधी आलात तर हे लक्षात असू द्या.

त्या रात्री प्रत्येकाला दोन मिनिटं होती. मी शेजारच्या खोलीत स्क्रीनसमोर बसून नोंदी घेत होतो. कॅन्टीन केव्हाच बंद झालं होतं, मशीनमधले चिप्सही संपले. पन्नासेक साक्षींनंतर सगळे एकसारखे ऐकू येतात. स्वातंत्र्य, कर, लोकशाही, मुलांचं भवितव्य. सदस्य फोनमध्ये बघतात, त्यात त्यांना दोष द्यावा असं मला वाटत नाही. मध्यरात्रीनंतर कधीतरी पश्चिम टेक्सासमधल्या एका छोट्या स्कूल डिस्ट्रिक्टचे, म्हणजे स्थानिक सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेचे, प्रमुख (सुपरिंटेंडेंट) आले. मिनिटभरच बोलले. म्हणाले, माझ्या डिस्ट्रिक्टमध्ये एकच शाळा आहे, सगळ्यात जवळची खासगी शाळा साठ मैलांवर, आणि मी सुपरिंटेंडेंट असलो तरी एक ड्रायव्हर आजारी असल्याने या आठवड्यात सकाळची बस मीच चालवतोय. एवढं बोलून थांबले. लगेच एका सदस्याने विचारलं, मग शाळेच्या विम्याचं काय? दुसऱ्याने विचारलं, शिक्षक टिकतात का? प्रश्नोत्तरांचा वेळ त्या दोन मिनिटांत धरत नाहीत. हा माणूस आणखी सात मिनिटं बोलला, आणि खोलीतल्या सगळ्यांनी माना वर करून ऐकलं. मी त्या रात्री दीडशे ओळींच्या नोंदी केल्या असतील. बाईंनी सकाळी त्यातल्या त्याच चार ओळींखाली रेघ मारली. तुम्हाला कुणासाठी साक्ष लिहून द्यायची वेळ आली तर वेळ पूर्ण भरू नका. विचारावंसं वाटेल असं काहीतरी ठेवा.

सुनावणी दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत चालली. आणि मग आला माझ्यासारख्या नवख्याला चक्रावणारा भाग. ३ एप्रिलला समितीने ९ विरुद्ध ६ मतांनी जे पुढे पाठवलं ते हाउस बिल ३ नव्हतंच. सिनेटने, म्हणजे वरिष्ठ सभागृहाने, ५ फेब्रुवारीलाच मंजूर करून पाठवलेलं सिनेट बिल २ त्यांनी घेतलं, त्यातला मजकूर काढला आणि हाउसचा मजकूर घातला. पाटी सिनेटची, माल हाउसचा. रात्रभर लोक ज्या नंबरवर बोलले तो नंबर तिथेच राहिला. ३ मे रोजी गव्हर्नर ग्रेग अ‍ॅबट यांनी सिनेट बिल २वर सही केली, १ अब्ज डॉलरची तरतूद. म्हणून बिलाचा नंबर नाही, मजकूर धरून ठेवायचा. माझ्या एक्सेलमध्ये त्या आठवड्यात तीन रकाने वाढले.

सरकारी शाळांच्या पैशाचं हाउस बिल २ त्याच वेळी चालू होतं. एज्युकेशन कोडच्या, म्हणजे राज्याच्या शिक्षणविषयक कायद्यांच्या संहितेच्या, ४८व्या प्रकरणात बेसिक अलॉटमेंट नावाचा एक आकडा आहे, दर विद्यार्थ्यामागचा पायाभूत निधी. तो २०१९पासून ६,१६० डॉलरवर अडकला होता, आणि तोही पटावरच्या नाही, सरासरी हजेरीच्या हिशेबाने मिळतो. हाउसने त्यात ३९५ डॉलरची वाढ मंजूर केली. सिनेटशी वाटाघाटी होऊन शेवटी वाढ उरली ५५ डॉलर. साधारण ८.५ अब्जांचं पॅकेज झालं, पण बराच पैसा शिक्षकांच्या पगारासारख्या ठरावीक खात्यांत बांधून दिला. हे वाईट की चांगलं यावर आमच्या ऑफिसातच दोन तट होते. मी स्वतः पैसा मोकळा हवा म्हणणाऱ्या सुपरिंटेंडेंटांच्या बाजूचा. विम्याचा हप्ता शिक्षकांच्या पगाराच्या पैशातून भरता येत नाही.

व्यवहाराचं थोडक्यात. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असाल तर सीपीटीची, म्हणजे शिकताना अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करायची, परवानगी हातात पडेपर्यंत बिनपगारीही सुरुवात करू नका. बूट आरामाचे घ्या, तळघरातले कॉरिडॉर लांब आहेत. स्वेटर मेमध्येही लागतो. टेक्सास लेजिस्लेचर ऑनलाइन या विधिमंडळाच्या वेबसाइटवर कुठलंही जुनं बिल काढून त्याची हिस्टरी तळापासून वरपर्यंत वाचायची सवय लावा. इंटरव्ह्यूत मला नेमकं तेच करायला सांगितलं होतं.

पुढचं नियमित अधिवेशन १२ जानेवारी २०२७ला सुरू होतं आणि बिलं आधीपासून दाखल करायला नोव्हेंबर २०२६मध्ये सुरुवात होईल. ऑफिसं माणसं शोधतात ती त्याच सुमारास. सप्टेंबरमध्ये रेझ्युमे तयार ठेवा, डिसेंबरात उशीर झालेला असतो.

आमच्या बिलाचं विचाराल तर १२ मेच्या मध्यरात्री मी एकटाच ऑफिसात बसून पेज रिफ्रेश करत होतो. बारा वाजले, काही बदललं नाही. पुढच्या रविवारी आबांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, "गेलं." ते या वेळी हसले नाहीत. म्हणाले, "आमच्या इथे एसटीची एक फेरी वाढवून घ्यायला अकरा वर्षं लागली." मग फोन आईकडे दिला.